आमिशांची शाळा

आज ज्या लोकांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापैकी कोणीही हे भाषण ऐकणार नाही. भाषेची अडचण तर आहेच; पण त्यांच्या घरात रेडिओच नाही. दूरचित्रवाणी नाही, आणि गावाच्या तारेवरून येणारी वीजही नाही. ही माणसे एखाद्या दुर्गम डोंगरात राहतात असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना यांसारख्या राज्यांत, हमरस्त्यांच्या कडेला त्यांची शेते आहेत आणि त्या रस्त्यांवरून मोटारींच्या रांगेत त्यांच्या काळ्या किंवा करड्या घोडागाड्या चालतात. २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे मुलांबाळांसह त्यांची संख्या चार लाखांच्या घरात गेली आहे. या लोकांना आमिश म्हणतात. त्यांच्या बोलीत बाहेरच्या सर्व माणसांना एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘इंग्लिश’. मनुष्य जर्मन असो, निग्रो वंशाचा असो की चिनी असो, आमिश नसेल तर तो इंग्लिश! तेव्हा त्यांच्या लेखी आपणही इंग्रजच. दीडशे वर्षे इंग्रजांच्या अमलाखाली काढलेल्या आपल्यासारख्यांना ही बढती जरा अवघडच वाटावी.

या समाजाचे एक छायाचित्र अमेरिकेत फार गाजले. ते १९ नोव्हेंबर १९६५ या दिवशी आयोवा राज्यातील हेझलटन या गावाजवळ घेतलेले आहे. काठाच्या काळ्या टोप्या घातलेली मुले आणि डोकी झाकलेल्या मुली शाळेकडे पाठ करून मक्याच्या शेताकडे जिवाच्या आकांताने धावत सुटल्या आहेत. पाठीमागे अधिकारी गोंधळून उभे आहेत. गंमत अशी की ही मुले शाळा चुकविणारी नव्हती. ती आपल्या शाळेतच बसलेली होती, आणि तेथून त्यांना काढून गावातील मोठ्या सरकारी शाळेत नेण्यासाठी बस आली होती. कारण काय? तर त्यांच्या शाळेतील शिक्षकांजवळ सरकारी प्रमाणपत्र नव्हते. त्यांचे आईबाप ते प्रमाणपत्र मिळवायला तयार नव्हते, दंड भरायलाही तयार नव्हते. दंडाच्या रकमा चढत गेल्या होत्या. छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर पोहोचले आणि लोकमत एकदम हलले. आमिश लोक स्वतःची छबी काढून घेणे गर्वाचे लक्षण मानतात आणि शक्यतो टाळतात. तेव्हा ज्या वस्तूला त्यांच्या घरात थारा नाही, त्याच वस्तूने त्यांची बाजू जगापुढे मांडली.

मुले पळाली ती कशापासून? शाळेपासून, असे उत्तर पुरे पडत नाही. ते समजण्यासाठी जरा मागे, सोळाव्या शतकात जावे लागेल.

१५२५ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊन काय साधते, धर्म हा जाणत्या माणसाने समजून उमजून स्वीकारला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. पण त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद म्हणजेच नागरिकत्वाची नोंद. राज्य आणि धर्मपीठ यांची सांगड ज्याने तोडली तो दोघांचाही शत्रू झाला. या तरुणांपैकी फेलिक्स मान्झ याला जानेवारी १५२७ मध्ये लिम्माट नदीत हातपाय बांधून बुडविण्यात आले. पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनीही या पंथाच्या शेकडो लोकांना जाळले, बुडविले, देशोधडीला लावले. हॉलंडमध्ये मेनो सायमन्स नावाच्या धर्मोपदेशकाने विखुरलेल्यांना सावरले. त्याच्या नावावरून त्यांना मेनोनाइट म्हणू लागले. (या मेनोनाइटांचे काही मिशनरी १८९९ साली धमतरीला आले. धमतरी आज छत्तीसगडात आहे. तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होती. आमिश मात्र परधर्मीयांना आपल्यात ओढण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत.)

या मेनोनाइटांशी जवळचे नाते असलेल्या स्विस आणि आल्सास प्रांतांतील मंडळींत १६९३ साली फूट पडली. वादाचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. संघाने ज्याला वाळीत टाकले, त्याच्याबरोबर पंक्तीला बसावे की बसू नये? याकोब अम्मान नावाच्या पुढाऱ्याने सांगितले, बसू नये. वाळीत म्हणजे वाळीत. त्याच्या मागून जे गेले ते आमिश. पुढे अठराव्या शतकात विल्यम पेन याने वसविलेल्या पेनसिल्व्हेनियात त्यांची घराणी येऊन राहिली. युरोपात मागे राहिलेले इतर पंथांत मिसळून गेले. १९३७ साली तेथील अखेरची मंडळीही संपली. म्हणजे जुन्या जगातून आलेली ही चाल आज फक्त नव्या जगात जिवंत आहे.

त्यांची राहणी पाहून पाहुण्याला वाटते की हे लोक यंत्राला भितात. तसे नाही. त्यांच्या कारखान्यांत दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रे आहेत, घरात गॅसवर चालणारी शीतपेटी असते, आणि प्रवासाला जायचे तर भाड्याची मोटार ते करतात. मोटार चालते, पण मालकीची चालत नाही. टेलिफोन चालतो, पण पुष्कळ ठिकाणी तो घरात नसतो. शेताच्या कडेला एका लाकडी खोपट्यात तो दोनचार कुटुंबांत मिळून असतो. याला विसंगती म्हणून हसणे सोपे आहे. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. ही वस्तू चांगली की वाईट, असे ते विचारीत नाहीत. ती घरात आली तर शेजाऱ्याकडे जाणे कमी होईल काय, असे विचारतात. घरोघर मोटार झाली तर माणूस घोड्याच्या पल्ल्याबाहेर राहायला जाईल, आणि मग मंडळी कसली उरणार?

ही मंडळी म्हणजे पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा एक जथा. त्यांचे मंदिर नाही. एका रविवारआड कोणाच्या तरी घरी किंवा कोठारात प्रार्थना होते आणि मग सगळे तेथेच जेवतात. घरात मावेनासे झाले की जथ्याचे दोन जथे होतात. उपदेशकाला पगार नाही आणि शिक्षणही नाही. त्याची निवड चिठ्ठीने होते. उमेदवारांपुढे सारखी दिसणारी गीतपुस्तके ठेवतात. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल त्याच्यावर जन्माचे ओझे पडते. वागणुकीचे नियम, टोपीच्या काठापासून गाडीच्या रंगापर्यंत, प्रत्येक जथा आपले आपण ठरवितो, आणि वर्षातून दोनदा सर्वांसमक्ष त्यांना संमती घेतली जाते. या नियमांना ते ओर्डनुंग म्हणतात. मुळाशी जी वृत्ती आहे तिला गेलासनहाइट असा जर्मन शब्द आहे: आपला हेका सोडून देणे, नमून असणे, देवाला आणि मंडळीला शरण जाणे. गर्व हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठे पाप.

आता शाळेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी आमिश मुले सरकारी शाळेतच जात होती. अमेरिकेतील खेड्यांत एक खोली, एक शिक्षक आणि आठ इयत्ता, अशी शाळा सर्वत्र होती. आमिशांची मुले शेजारच्या ‘इंग्लिश’ शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर तेथे शिकत, आणि कोणाची तक्रार नव्हती. पुढे बदलले ते आमिश नव्हेत, शाळा बदलली. राज्याराज्यांनी लहान शाळा मोडून मोठ्या एकत्रित शाळा बांधण्याचे धोरण स्वीकारले, मुलांना बसने दूर नेण्याची सोय केली, आणि शिक्षणाची सक्ती सोळा-सतरा वर्षांपर्यंत वाढविली. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात १९३७ साली यावरून पहिली मोठी झटापट झाली. १९५०च्या सुमारास त्याच राज्यात मुलांना आठवीपुढे न पाठविणाऱ्या बापांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. अखेर १९५५ साली एक तोड निघाली. आठवी झालेल्या मुलाने आठवड्यातून तीन तास आमिश शिक्षकापुढे बसावे, आणि उरलेले दिवस घरी जे काम केले त्याची रोजनिशी लिहावी. गाईंचे दूध काढले, कुंपण दुरुस्त केले, आईला फळे टिकवून ठेवायला मदत केली, हाच त्याचा अभ्यास.

त्यांनी स्वतः बांधलेल्या शाळा कशा असतात? इमारत आईबापांनी उभारलेली, व्यवस्था चारपाच बापांच्या मंडळाकडे. एका खोलीत पंचवीसतीस मुले, आणि शिकवायला बहुधा एक अविवाहित तरुणी, जी स्वतः अशाच शाळेत आठवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचन, लेखन, शब्दांची अक्षरे, गणित, थोडा भूगोल, आणि धर्मग्रंथापुरती जर्मन. घरी ही मुले जर्मनची एक जुनी बोली बोलतात, म्हणजे सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते इंग्रजी शिकायला. सकाळी बायबलाचा उतारा आणि प्रार्थना होते, पण धर्म हा विषय शाळेत शिकवीत नाहीत; ते काम घराचे आणि मंडळीचे. मोठी मुले लहानांना शिकवितात. सुट्टीत चेंडूफळी होते आणि पुष्कळदा बाईही खेळतात. वरचा नंबर मिळविण्याची चुरस नाही. आपण शेजाऱ्यापेक्षा हुशार आहोत हे कळणे त्यांना शिक्षण वाटत नाही. सरकारी शाळांसाठीचा करही हे लोक बिनबोभाट भरतात, आणि आपल्या शाळेचा खर्च वर सोसतात.

हेझलटनच्या प्रकरणात राज्यपाल हॅरल्ड ह्यूज यांनी स्वतः लक्ष घालून तडजोड केली आणि १९६७ साली आयोवाने कायद्यात सवलतीची वाट काढली. कायमचा निकाल मात्र विस्कॉन्सिन राज्यातून आला. तेथे न्यू ग्लेरस गावाजवळील तीन बापांनी, जोनास योडर, वॉलेस मिलर आणि एडिन युट्झी यांनी, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आठवीनंतर शाळेत पाठविले नाही. त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. पाच डॉलर! भरून टाकले असते तर प्रकरण मिटले असते. पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. दुसरीकडे, कोर्टाची पायरी चढून भांडणे हेही त्यांच्या धर्मात बसत नाही. तेव्हा त्यांच्या वतीने भांडायला इंग्लिश लोकच पुढे आले. विल्यम लिंडहोम या लूथरपंथी धर्मोपदेशकाने एक समिती उभी केली होती. वकील होते विल्यम बॉल, ते कॅथलिक. ज्या दोन पंथांनी चारशे वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांचा छळ केला, त्यांच्याच दोन माणसांनी त्यांची शाळा वाचविली. इतिहास क्वचित अशी भरपाई करतो, म्हणून ती आवर्जून सांगावीशी वाटते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९७२ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिले की आमिशांचा धर्म आणि त्यांची जीवनपद्धती वेगळी काढता येत नाही. आणखी एकदोन वर्षांच्या शाळेने राज्याचा जो लाभ होईल त्यापेक्षा त्या समाजाची हानी मोठी आहे. मुले घरी, शेतावर जे शिकतात तेही शिक्षणच आहे. या निकालात एक बारीक पाचर आहे. थोरोसारखा एखादा मनुष्य आपल्या काळाच्या मूल्यांना नाकारून वॉल्डन तळ्याकाठी जाऊन राहिला, तर त्याची निवड तात्त्विक आणि वैयक्तिक झाली. तिला हे संरक्षण नाही, असे न्यायालयाने म्हटले. गांधीजींमुळे थोरो आपल्याला घरचा वाटतो, म्हणून हे वाक्य मला खटकते. चार लाखांच्या पंथाला जी मुभा मिळते ती एकट्या विचारी माणसाला नाही, हे न्यायाला धरून आहे काय? कायद्याच्या जाणत्यांनी याचे उत्तर दिलेच असेल. माझे समाधान झालेले नाही.

बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध कोर्टापुरता नाही, बाजाराचाही आहे. जमिनी महागल्या, कुटुंबात सहा-सात मुले. सर्वांना शेत पुरत नाही. आता त्यांच्यातील पुष्कळ जण सुतारकाम करतात, लाकडी सामान बनवितात, आणि उत्तर इंडियानात तर चाकांवरची घरे बनविणाऱ्या इंग्लिशांच्या कारखान्यांत मजुरी करतात. जी गाडी त्यांनी स्वतः कधी बाळगायची नाही ती त्यांच्या हातून तयार होते. लँकेस्टरला दरवर्षी लाखो प्रवासी त्यांना ‘पाहायला’ येतात. १९८५ सालच्या एका चित्रपटाने ही गर्दी आणखी वाढविली. जगापासून दूर राहण्याची त्यांची धडपड हाच जगाचा तमाशा होऊन बसला आहे.

पण या शाळांच्या खोलीत मुले काय शिकतात हे जगाला कळले ते एका भयंकर प्रसंगाने. २ ऑक्टोबर २००६. लँकेस्टर परगण्यातील निकेल माइन्स येथील आमिश शाळेत एक बंदूकधारी मनुष्य शिरला. तो परका नव्हता. आमिश शेतांवरून दूध गोळा करणाऱ्या टाकीगाडीचा तो चालक होता. मुलग्यांना आणि मोठ्या माणसांना त्याने बाहेर काढले आणि दहा मुलींवर गोळ्या झाडून स्वतः मेला. पाच मुली दगावल्या. सर्वांत लहान सात वर्षांची होती. मुलींची प्रेते अजून घरी आली नव्हती तोच काही आमिश शेजारी मारेकऱ्याच्या बायकोकडे आणि आईबापांकडे गेले: आमच्या मनात तुमच्याविषयी राग नाही, हे सांगायला. त्याला पुरले तेव्हा जमलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते. जगभरातून जो निधी आला त्यातील वाटा त्यांनी मारेकऱ्याच्या मुलाबाळांसाठी दिला. शाळेची ती इमारत त्यांनी दहाच दिवसांत पाडून टाकली, तेथे कुरण केले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या जागी नवी शाळा सुरू केली. मारेकऱ्याची आई पुढे कित्येक वर्षे दर आठवड्याला एका जबर जखमी मुलीची शुश्रूषा करायला त्या घरी जात असे.

त्या घरांतून एक जाडजूड पुस्तक असते, १६६० साली छापलेले हुतात्म्यांचे चरित्रग्रंथ. त्यात डिर्क विलेम्स नावाच्या डच माणसाची हकीकत आहे. १५६९ साली तो कैदेतून पळाला; पाठलाग करणारा शिपाई तळ्यावरच्या बर्फातून खाली गेला; डिर्कने मागे वळून त्याला बाहेर काढले, आणि त्यामुळे पुन्हा पकडला जाऊन तो जाळला गेला. ज्या मुलाला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला शेजाऱ्याच्या दारी जायला पुस्तकी विचार करावा लागत नाही. आठवीपर्यंतच्या शिक्षणातून हे निघत असेल तर ते कमी शिक्षण म्हणायला जीभ धजत नाही.

तरी नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. क्षमेची ही रीत घरातील दुबळ्यांच्या गळ्यालाही लागते. बायकामुलींवरचे अत्याचार मंडळीसमोर पापकबुली घेऊन मिटविले गेले, आणि पोलिसांपर्यंत फार उशिरा पोहोचले, अशी प्रकरणे उघडकीस आली आहेत. आणि ती वाळीत टाकण्याची जुनी रीत आजही आहे. तिचा नियम स्पष्ट आहे. बाप्तिस्मा घेण्यापूर्वी तरुणाने मंडळी सोडली तर त्याला कोणी वाळीत टाकीत नाही. शपथ घेऊन मोडली तर टाकतात. मग जेवताना त्याचे पान वेगळे. आईच्या घरी मुलाचे पान वेगळे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. त्यामागे ज्यांचे अश्रू होते त्यांची आठवण ठेवूनच मी हे सांगत आहे.

म्हणजे अठरा-वीस वर्षांचा आमिश मुलगा कागदावर मोकळा आहे. बाप्तिस्मा घ्यावा की न घ्यावा, हे ठरवायला त्याला अवधी दिला जातो. बहुतेक जण, शेकड्यात पंच्याऐंशी किंवा त्याहून अधिक, राहणेच पसंत करतात. पण ज्याला जायचे आहे त्याच्या हाती आठवीचे शिक्षण. दार उघडे आहे, आणि बाहेर पडणाऱ्याजवळ वाटखर्ची नाही. ज्या पंथाचा जन्मच ‘धर्म जाणत्या माणसाने स्वतः निवडावा’ या आग्रहातून झाला, त्या पंथाने निवड करणाऱ्याला आणखी थोडे जग का दाखवू नये, हा प्रश्न मला सोडीत नाही. त्यांचे उत्तर मला ठाऊक आहे. चौदा ते सोळा या वयात मूल ज्यांच्यात वावरेल, त्यांच्यासारखे ते होईल. हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

१९७२ च्या त्या निकालाशी एक न्यायाधीश अंशतः असहमत होते: विल्यम डग्लस. त्यांनी लिहिले की येथे राज्य बोलले, बाप बोलले. पण प्रश्न ज्यांच्या आयुष्याचा, त्या मुलांचे काय? एखाद्या मुलाला पियानो वाजवायचा असेल, समुद्राचा अभ्यास करायचा असेल, अंतराळात जायचे असेल. त्याला विचारायला नको काय? तीन मुलांपैकी एकच, योडर यांची मुलगी, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली होती. हायस्कूलला जाणे माझ्याही धर्माविरुद्ध आहे, असे तिने सांगितले. म्हणून तिच्या बापापुरता निकाल डग्लस यांनी मान्य केला. मिलर यांची मुलगी आणि युट्झी यांचा मुलगा यांना मात्र कोणी काही विचारले नाही, आणि त्यांना काय वाटत होते याची नोंद खटल्याच्या कागदांत नाही.